शिल्लक

शाखा बंद करायची बैठक सव्वासातला सुरू झाली.
जून एक्याण्णव. आलो सात जण.
आठवी खुर्ची हेमो बुसकरची. तो जानेवारीत गेला,
पण वर्गणी डिसेंबरपर्यंत आगाऊ भरून गेला होता,
म्हणून मी हजेरीत त्याला धरलं.
कुणी हरकत घेतली नाही.

मी खजिनदार. माझ्या आधी माझा बाप.
पैसे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
झाकणावर राजघराण्याची बग्गी, सहा घोडे.
बाप म्हणायचा, बसू दे राणीला
आपल्या पैशांवर पहारा देत.

वही सगळ्यांसमोर उघडली. एकोणतीस सालचा संप,
शेतमजुरांचा: वाटाणे, दोन पोती.
चांभाराला: काही नाही, त्याने घेतले नाहीत.
मग काडाच्या पुठ्ठ्याचे कारखाने,
कालव्यावर पिवळा फेस, कुजक्या अंड्यांचा वास.
त्या हवेत मालकांचे चांदीचे चमचे काळे पडत.
आमच्याकडे चांदी नव्हती,
त्यामुळे आमच्याकडे पुरावाही नव्हता.

चाळीस ते पंचेचाळीस पानंच नाहीत.
पानांवर नावं होती, बापाने चुलीत घातली.
शिवणीत फाटक्या कडा तेवढ्या उरल्यात.
आम्सटरडॅमच्या ट्राम थांबल्याची बातमी
आमच्याकडे बटाट्याच्या होडीतून आली, दोन दिवस उशिरा.
फ्राउक्ये आत्या दुधाच्या कॅनच्या खोट्या तळात
अंक घेऊन सायकलवर फिरायची.
ती, एग्गे, आणि तालमान मास्तर.
पंचेचाळीसच्या नव्या पानावर
बापाने तिघांची नावं लिहून पुढे मांडलं:
येणे बाकी.

पुढचं पान मोठं आहे. घरटी एक सभासद.
नगरसभा आमची झाली,
मग वरून कागद आला, नगरसभा बरखास्त.
मतं आम्हीच दिली होती, मोजलीही नीट होती.

छप्पन, नोव्हेंबर. काचा, चार.
पुन्हा काचा, दोन.
बेकरीवाला प्लूखर पाव संपला म्हणाला,
मागे फळीवर पाव दिसत होते.
आणि मेन्सोने, माझ्या भावाने,
बुडापेस्टचा फोटो टेबलावर ठेवून
आपली सभासद-पुस्तिका त्यावर ठेवली.
बाप म्हणाला, फोटो खोटा आहे.
अकरा वर्षं ते एकमेकांना मीठसुद्धा
आईच्या हातून देत होते.
भिंतीवरचा मिशीवाला एका रात्रीत उतरला.
कुणी उतरवला, विचारलं नाही.
मागे फिका चौकोन राहिला,
आईने लावलेलं कॅलेंडर त्याला पुरलं नाही.
मी सोळा वर्षांची होते. मला काय वाटत होतं
त्याला या वहीत रकाना नाही.

पुढे शहरातून विद्यार्थिनी आल्या,
क्षेपणास्त्रांवर बोलल्या, बायकांवर बोलल्या,
खरं बोलल्या.
शेवटी हेमोने हात वर केला:
यात कामगार कितव्या कलमात आहे?
त्यांनी कागद चाळले. बराच वेळ चाळले.

मतदान तीन मिनिटांत उरकलं.
बाजूने पाच, विरोधात एक.
माझा हात इतिवृत्त लिहिण्यात अडकला होता.
मग त्र्याऐंशी गुल्डन चाळीस सेंटचं काय करायचं
यावर सव्वा तास भांडलो,
आवाज चढले, रेंट चष्मा पुसत बाहेर जाऊन आला,
कितीतरी वर्षांनी बैठक बैठकीसारखी झाली.
सभागृहाचं भाडं. कॉफी. तिघांच्या दगडावर फुलं.

सहा महिन्यांची वर्गणी मी वेगळी काढली.
पक्षच नाही, तर ती घेणार कशी?
दुसऱ्या दिवशी हेमोच्या आन्त्येकडे गेले.
तिने नाणी मोजली, परत सरकवली.
"याची तिकिटं राहिलीत," म्हणाली,
आणि त्याची पुस्तिका काढली.
तिकिटं डब्याच्या तळाशी होतीच.
तिने एकेक जिभेला लावलं, चिकटवलं,
जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.
नोव्हेंबरचं जरा तिरपं बसलं.
नखाने सरळ करत राहिली.
मी कोट न काढताच बसले होते.